कौलारू घराच्या माळ्यावर फळ्या घालताना

सातारा शहराच्या जुन्या पेठा, वाई, कऱ्हाड, मिरज आणि पाटण-शिराळ्याकडची गावे येथे कौलारू घरे अजून बऱ्यापैकी टिकून आहेत. या घरांत खोल्यांचे छत आणि कौलांची पाख, म्हणजे छपराची उतरती बाजू, यांच्यामध्ये जी त्रिकोणी जागा उरते, ती म्हणजे माळा. पुष्कळ घरांत तेथे नुसत्या उघड्या कड्या, म्हणजे छत पेलणारी आडवी लाकडे, असतात आणि त्यांवर दोनचार सुट्या फळ्या आडव्या टाकून पिढ्यान्‌पिढ्या सामान चढवलेले असते. पाय कोठे ठेवावा हे घरातल्या एखाद्यालाच ठाऊक असते आणि बाकीच्यांना वर जायला मज्जाव असतो. अशा माळ्यावर सलग फळ्या घालून तो साठवणीसाठी कसा तयार करावा, हे सुतारकामाची सवय नसलेल्या वाचकासाठी येथे क्रमाने सांगितले आहे. फ्लॅटमधील स्वयंपाकघरावरचा सिमेंटचा लॉफ्ट किंवा माण-खटाव, आटपाडी, जत या कोरड्या भागातील मातीचे माळवद (सपाट छत) यांची रचनाच वेगळी असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही.

माळा किती सामान पेलेल हे कड्या ठरवतात. कडी अशक्त असेल, तर तिच्यावर कितीही महागाची फळी घातली तरी उपयोग होत नाही. उलट सलग फळ्या घातल्या की जागा भक्कम दिसू लागते आणि माणूस बिनधास्त भार टाकू लागतो. म्हणून या लेखाचा मोठा भाग फळी विकत आणण्यापूर्वीच्या कामांबद्दल आहे.

काम केव्हा काढावे

पहिली फेरी भर पावसात मारावी. आषाढ-श्रावणात संततधार लागलेली असताना विजेरी घेऊन माळ्यावर जावे आणि जेथे ठिबकते, वासा ओला दिसतो किंवा भिंतीवरून ओघळ उतरतो, तेथे खडूने खूण करून ठेवावी. पाऊस थांबल्यावर ही गळती शोधणे फार कठीण जाते, कारण पाणी वाशावरून सरकत भलत्याच ठिकाणी टपकते. महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळा या जोराच्या पावसाच्या पट्ट्यात तर ही फेरी टाळूच नये. वानरांचा उपद्रव असलेल्या गावांत कौले फुटण्यापेक्षा सरकण्याचे प्रमाण अधिक असते. सरकलेले कौल खालून पाहिले की मधल्या फटीतून उजेड दिसतो.

दिवाळीनंतर शाकारणी, म्हणजे कौलांची दुरुस्ती आणि फेररचना, करून घ्यावी आणि फळ्यांचे काम त्यानंतरच हाती घ्यावे. हा क्रम उलटा झाला, तर शाकारणी करताना पडणारे कौलांचे तुकडे, माती आणि कचरा नव्या फळ्यांवर येतो. शिवाय फळ्यांखाली गेलेली कडी गळतीने भिजत असली तरी ती पुढे कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

घर सामाईक असेल, तर कामाच्या आधी भाऊबंदांना विचारावे. भिंतीची वाटणी झालेली असते, पण वरचा माळा बहुधा सलगच राहिलेला असतो, आणि आजवर कोणी ढुंकूनही न पाहिलेल्या हंड्या-घागरींची मालकी नेमकी साफसफाईच्या दिवशी सांगितली जाते.

कड्यांची तपासणी

जुन्या कडीपाटाची रचना साधी असते. खांबांवर किंवा भिंतींवर जाड तुळई, तुळईवर फूट-दीड फुटाच्या अंतराने कड्या आणि कड्यांवर पाट, म्हणजे फळ्या. काही घरांत वरचे पाट नसतात. फक्त खालच्या बाजूने तक्तपोशी, म्हणजे पातळ फळ्यांचे आच्छादन, मारलेली असते. ही तक्तपोशी केवळ शोभेची असते. तिच्यावर पाय पडला, तर माणूस थेट खालच्या खोलीत येतो. म्हणून तपासणीसाठी चढताना किमान तीन कड्यांवर टेकेल अशी एक लांब, जाड फळी सोबत घ्यावी, तिच्यावरच वावरावे आणि ती सरकवत पुढे जावे. खाली एक माणूस थांबलेला असावा. नाकातोंडाला मास्क, हातमोजे आणि डोक्याला हेल्मेट घालावे, कारण वर वटवाघळांची विष्ठा, उंदरांची घाण आणि कित्येक वर्षांची धूळ असते, आणि डोक्याशी कौलांच्या रिपांचे खिळे येतात. अडगळीत धामण निघणे हेही आपल्याकडे नवल नाही, म्हणून हात घालण्यापूर्वी काठीने आवाज करावा. छपराला सिमेंटचे जुने पत्रे असतील, तर ते कापू नयेत, घासू नयेत किंवा त्यांना भोके पाडू नयेत. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुफ्फुसांना घातक ठरते.

प्रत्येक कडी तीन ठिकाणी तपासावी: दोन्ही टोकांना आणि मधोमध. टोके सर्वांत महत्त्वाची, कारण ती पांढरीच्या मातीच्या किंवा दगड-मातीच्या भिंतीत शिरलेली असतात आणि भिंतीचा ओलावा तेथूनच लाकडात चढतो. टोच्या किंवा अणकुचीदार पेचकस भिंतीलगतच्या भागात जोर लावून दाबावा. निरोगी सागवानात तो जेमतेम टोकापुरता रुततो. लोण्यात गेल्यासारखा अर्धा-पाऊण इंच आत गेला, तर ती कडी कुजलेली समजावी. नंतर हातोडीच्या दांड्याने कडीवर ठोकत जावे. भरीव लाकडाचा आवाज खणखणीत येतो, आतून पोखरलेल्याचा बद्द येतो. वाळवी असेल, तर भिंतीवरून कडीपर्यंत आलेली मातीची बारीक नळी दिसते. भुंगेऱ्याची खूण वेगळी असते: लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी भोके पडलेली असतात आणि त्यांखाली पिठासारखा बारीक भुसा साचतो. भोके जुनी असून भुसा नसेल, तर कीड केव्हाच निघून गेलेली असण्याची शक्यता अधिक. तेवढी जागा झाडून काळा कागद अंथरावा आणि महिन्याभराने पाहावे. कागदावर ताजा भुसा पडला, तर कीड जिवंत आहे.

यानंतर कडीचा झोल मोजावा. तिच्या दोन टोकांना खालच्या कडेलगत, बाजूच्या अंगाने दोरी ताणून बांधावी आणि मधोमध कडी दोरीच्या किती खाली आली आहे ते पट्टीने पाहावे. १० फूट लांबीच्या कडीत सेंटीमीटरभर झोल जुन्या घरात चालण्यासारखा असतो. तो दोन-अडीच सेंटीमीटरपर्यंत गेला असेल, किंवा एकच कडी शेजारणींपेक्षा अधिक वाकली असेल, तर अनुभवी सुताराला दाखवल्यावाचून पुढे जाऊ नये. कडीच्या खालच्या अंगाला मध्यभागी आडवी चीर किंवा खाच असणे हे सर्वांत वाईट लक्षण आहे, कारण भार आल्यावर सगळा ताण तेथेच पडतो. उभ्या धाग्याने गेलेल्या वाळलेल्या चिरा मात्र जुन्या लाकडात सर्रास असतात आणि त्यांना भिण्याचे कारण नाही.

एखाददुसरी कडी खराब निघाली, तर ती काढण्याचा खटाटोप न करता तिच्या अंगालगत नवी कडी, दोन्ही टोकांना भिंतीवर पुरेशी टेकवून, जोडीला घालता येते. टोक कुजले म्हणून लोखंडी पट्टी ठोकून वेळ मारून नेण्याची पद्धत आहे, पण पट्टी भिंतीवर टेकत नसेल, तर तिला काही अर्थ नाही.

भाराचा हिशेब

राहत्या खोलीच्या जमिनीसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरला जातो. आपला माळा बांधणाऱ्याने असा हिशेब केला असेलच असे नाही, म्हणून माझ्या मते चांगल्या, जाड आणि निरोगी कड्यांवरही त्याच्या चौथाईपेक्षा, म्हणजे चौरस मीटरला ५० किलोपेक्षा, अधिक कायमचा भार ठेवू नये. नुसत्या बारीक कड्यांना तक्तपोशी मारलेली असेल, तर याच्या निम्मे धरावे. हा आकडा अनेकांना कंजूषपणाचा वाटतो, पण माळ्यावर सामान वर्षानुवर्षे पडून असते आणि लाकूड सततच्या भाराखाली हळूहळू वाकत जाते.

एक उदाहरण घेऊ. १० बाय १२ फुटांच्या खोलीवरचा माळा म्हणजे १२० चौरस फूट, सुमारे ११ चौरस मीटर. त्यावर १८ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड सर्वत्र घातले, तर प्लायवूडचेच वजन सुमारे १३० किलो होते. ५० किलोच्या हिशेबाने एकूण मर्यादा ५५० किलो. त्यातून १३० वजा जाता सामानाला ४२० उरतात. वर काम करायला दोन माणसे चढली, तर तीही यातच मोजायची. पुस्तके किंवा जुन्या वह्या भरलेली एक मोठी लोखंडी पेटी सहज ६० किलोंच्या वर जाते. ५०० लिटरची पाण्याची टाकी भरली की टाकीचे वजन सोडून नुसते पाणीच ५०० किलो भरते; ती माळ्यावर ठेवण्याचा विचारही करू नये.

याच हिशेबात भार हलका करण्याची एक सोय दडलेली असते. पुष्कळ जुन्या माळ्यांवर पाटांवर मातीचा थर दिलेला आढळतो. उन्हाळ्यात खोली थंड राहावी, हा त्याचा हेतू. दोन इंच जाडीच्या थराचे वजन चौरस मीटरला ८० ते ९० किलो भरते, म्हणजे आपण ठरवलेल्या मर्यादेपेक्षा किती तरी अधिक भार कड्या आधीच वाहत असतात. असा थर असेल, तर एकतर तो तसाच ठेवून वर सामान ठेवण्याचा बेत सोडावा, किंवा तो घमेल्या-घमेल्याने, दोन्ही बाजूंनी सारखा उतरवावा आणि मगच फळ्या घालाव्यात. थर काढल्यावर खालची खोली चैत्र-वैशाखात तापेल, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

सातारा जिल्ह्यात, विशेषतः पाटण खोऱ्यात, आणखी एका गोष्टीचे भान ठेवावे लागते. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात दगड-मातीची घरे मोठ्या संख्येने पडली, आणि त्या भागाला लहान धक्के अजूनही बसतात. धक्का बसला की उंचावरचे वजन मातीच्या भिंतींना हिसके देते. माळा जेवढा जड, तेवढा हिसका मोठा. त्यामुळे या पट्ट्यात जड सामान मुळातच वर नेऊ नये.

साफसफाई, कीड आणि वायरी

माळा मोकळा करून झाडून घेतल्यावर उघड्या लाकडावर बोरिक अ‍ॅसिड आणि बोरॅक्सचे पाच-सहा टक्क्यांचे पाण्यातील द्रावण ब्रशने दोनदा लावावे. ते लाकडात मुरते आणि वाळवी व भुंगेरा या दोहोंना अटकाव करते, मात्र लाकूड नंतर भिजत राहिले तर धुऊन जाते. गळती आधी बंद करण्याचे हेही एक कारण. रंग किंवा व्हार्निश चढलेल्या भागात ते शिरत नाही. मोटारीचे जळके ऑइल फासण्याची चाल गावोगाव आहे, पण माळ्यावर ती अजिबात नको: वास खाली उतरतो, कपडे खराब होतात आणि आगीला खाद्य मिळते. वाळवी भिंतीतून येत असेल, तर मूळ जमिनीत असते, तेव्हा जाणकाराकडून पायाशी औषध घालून घ्यावे.

जुन्या घरांतील वायरी बहुधा कड्यांवरून सैल टाकलेल्या असतात आणि जोडांना नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली असते. इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या पीव्हीसी पाइपमधून घ्याव्यात, जोड पेटीत बंद करावेत आणि त्या पेट्या फळ्यांखाली गाडल्या जाणार नाहीत अशा ठिकाणी आणाव्यात. पंख्याचा हूक ज्या कडीतून येतो, तेथे वरच्या बाजूला नट-बोल्ट असतो. त्या जागी स्क्रूने काढता येणारा छोटा तुकडा ठेवावा. एक एलईडी दिवा आणि त्याचे बटण खाली, चढण्याच्या जागेशी, असले की पुरे.

फळ्या कोणत्या घ्याव्यात

कड्यांमधील अंतर फूटभर असेल, तर १२ मिलिमीटरचे प्लायवूड चालते. दीड ते दोन फुटांपर्यंत १८ मिलिमीटरचे घ्यावे. प्लायवूडवर आयएस (भारतीय मानक) ३०३ किंवा आयएस ७१० असा शिक्का पाहावा. दुसऱ्या प्रकारचे उकळत्या पाण्यालाही टिकणाऱ्या चिकटाचे असते आणि महाग पडते. पावसाळी तालुक्यांत ते परवडते, सांगली-मिरजेकडे पहिले पुरेसे आहे. भुसा दाबून केलेले पार्टिकल बोर्ड स्वस्त मिळतात, पण ओल लागली की फुगून त्यांचा भुगा होतो, म्हणून ते नकोत.

प्लायवूडचा ८ बाय ४ फुटांचा पूर्ण तक्ता माळ्याच्या दारातून सहसा आत जात नाही आणि १८ मिलिमीटरचा असला तर त्याचे वजन ३५ किलोंच्या आसपास असते. दुकानातच कापून घ्यावा, पण अंदाजाने ४ बाय २ असे सरसकट तुकडे पाडू नयेत. आधी कड्यांचे मध्य ते मध्य अंतर मोजावे आणि तुकड्याची दोन्ही टोके कडीवर येतील अशी लांबी काढावी. जुन्या घरात हे अंतर प्रत्येक खणात थोडे बदलते, म्हणून सगळ्या कड्यांची मापे कागदावर काढून प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्यावा.

ज्यांना अस्सल लाकूडच हवे, त्यांनी पाडलेल्या वाड्यांचे जुने सागवान शोधावे. सांगलीच्या टिंबर एरियात किंवा वखारींतून चौकशी केल्यास असा माल मिळू शकतो. तो वाळलेला असल्याने पुढे वाकत नाही. मात्र करवत लावण्यापूर्वी मोडलेले खिळे उपटावेत आणि भुंगेऱ्याचा भुसा पाहावा, नाहीतर दुसऱ्याच्या वाड्यातली कीड आपल्या घरी यायची. आंब्याच्या फळ्या स्वस्त असतात, पण त्यांना कीड फार लवकर लागते.

फळ्या बसवणे

चढण्याच्या दारापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यातून सुरुवात करावी असे वाटते, पण नवख्याने दाराजवळून सुरुवात करावी, म्हणजे बसवलेल्या फळीवर उभे राहून पुढची बसवता येते. पहिली ओळ कड्यांना काटकोनात येते की नाही ते गुण्याने आणि ताणलेल्या दोरीने तपासावे. पहिली ओळ तिरकी गेली की शेवटच्या ओळीत पाचरीसारखी फट उरते. कड्या एका पातळीत नसतीलच. पाणसळ लावून जेथे खोलगट भाग असेल, तेथे कडीवर लाकडाची पातळ पट्टी घालून पातळी साधावी, पण कडी रंध्याने किंवा वाकसाने तासून सपाट करू नये. कडीची ताकद तिच्या उंचीवर अवलंबून असते. उंची निम्मी झाली, तर ताकद चौथाईवर येते.

दोन तुकड्यांचा जोड कडीच्या मधोमध यावा, म्हणजे प्रत्येकाला टेकायला किमान एक-सव्वा इंच मिळेल. शेजारच्या ओळीतील जोड त्याच कडीवर न घेता, विटांच्या बांधकामाप्रमाणे पुढच्या कडीवर घ्यावेत, त्यामुळे भार वाटला जातो. हिवाळ्यात वाळलेले लाकूड पावसाळ्यात फुगते, म्हणून दोन फळ्यांत दोन-तीन मिलिमीटर आणि भिंतीशी अर्धा इंच फट सोडावी.

खिळे ठोकू नयेत, स्क्रू वापरावेत. हातोडीच्या दणक्यांनी खालची तक्तपोशी सैल होते, भिंतीच्या मातीचे पोपडे सुटतात आणि वरची कौलेही सरकतात. शिवाय पुढे कडी तपासायची झाली, तर स्क्रू काढून फळी उचलता येते. १८ मिलिमीटरच्या फळीला ४० मिलिमीटरचा स्क्रू पुरतो. जुने सागवान आणि बाभूळ इतके कठीण झालेले असते की आधी बारीक ड्रिलने भोक पाडले नाही, तर स्क्रू अर्ध्यात तुटतो. स्क्रूच्या आट्यांना थोडा साबण लावला की तो सहज उतरतो. प्रत्येक कडीवर फळीच्या दोन्ही कडांना एकेक स्क्रू, आणि फळी फूटभरापेक्षा रुंद असल्यास मध्ये आणखी एक.

वळचणीपर्यंत, म्हणजे छपराच्या खालच्या कडेपर्यंत, फळ्या भिडवू नयेत. पाख जेथे भिंतीला टेकते, तेथून हातभर जागा उघडी सोडावी. कौलांच्या फटींतून आणि वळचणीतून येणारा वारा हेच जुन्या लाकडाच्या दीर्घायुष्याचे मुख्य कारण आहे, आणि तो कोंडला की पावसाळ्यात फळ्यांच्या खालच्या अंगाला बुरशी धरते. उघड्या जागेच्या कडेला चार इंच उंचीची पट्टी उभी मारली, तर सामान घरंगळत नाही. उंदरांसाठी वळचणीला बारीक जाळी लावावी; वाऱ्याला ती अडवत नाही.

दार आणि शिडी

दार अडीच बाय अडीच फुटांचे असले तर सोयीचे. ते मोठे करण्यासाठी मधली कडी कापणे हा सर्वांना सुचणारा उपाय आहे, पण कापलेल्या कडीचा भार शेजारच्या कड्यांवर आडव्या तुकड्याने नीट वळवावा लागतो आणि त्या शेजारच्या कड्याही दुहेरी कराव्या लागतात. हे काम सुताराचेच आहे. शक्यतो दोन कड्यांमधील जागेतच दार लांबट करून घ्यावे. शिडीचा पाया, दार ८ फूट उंचीवर असेल, तर भिंतीपासून २ फुटांवर ठेवावा, वरच्या टोकाला हूक असावेत, आणि शिडी दाराच्या वर दोन-तीन फूट निघावी, म्हणजे उतरताना हाताला आधार मिळतो.

काय ठेवावे, कोठे ठेवावे

जड वस्तू भिंतीच्या किंवा तुळईच्या जवळ, हलक्या मधोमध, हा नियम. गादी-वाकळा, रिकाम्या सूटकेसा, पाळणा, गणपतीची मखर, गौरींचे स्टँड हे मधल्या भागात चालते. तांब्या-पितळेची भांडी आणि पेट्या भिंतीकडेला. कापड नेताना पूर्ण वाळवून, झाकणाच्या डब्यात न्यावे. गूळ आणि धान्य वर ठेवले की मुंग्या आणि उंदीर मागोमाग येतात. गॅसचे सिलिंडर, रॉकेल, रंगांचे डबे, कीटकनाशके आणि उरलेले फटाके कधीही वर ठेवू नयेत. उन्हाळ्यात कौलांखाली, आणि पत्र्याखाली तर अधिकच, फार उष्णता साठते. खरेदीखते, सातबारे आणि फोटोही याच कारणाने खालच्या कपाटात बरे.

कृष्णाकाठच्या सांगलीकरांसाठी थोडे वेगळे. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या पुरांनंतर नदीकाठच्या पुष्कळ घरांत माळ्याकडे पुराच्या वेळी सामान चढवण्याची जागा म्हणून पाहिले जाते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. पाणी इशारा पातळीकडे सरकू लागले की सामान वर न्यायला सुरुवात करावी, कारण नंतर घाईत सगळे एकाच कडीवर रचले जाते. त्यासाठी माळ्याचा एक भाग एरवी रिकामाच ठेवावा लागतो. मातीच्या भिंतींची घरे मात्र या उपयोगाची नाहीत. पुराचे पाणी मुरलेली पांढरीची भिंत मऊ पडते आणि तिच्यावर टेकलेली भरलेली कडी तिला खचवू शकते. कोणत्याही घरात पुराच्या वेळी माणसांनी माळ्यावर आसरा घेऊ नये. तेथून बाहेर पडायला वाट नसते.

फळ्या बसल्यावर पहिल्या वर्षी सामान निम्मेच चढवावे आणि पावसाळा संपताच दोरी लावून कड्यांचा झोल पुन्हा मोजावा. आधीची मापे दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारखेसह लिहून ठेवली, तर तुलना करता येते. फरक दोन-तीन मिलिमीटरच्या आत असेल, तर उरलेले सामान चढवावे. तो वाढलेला दिसला, तर जे चढवले आहे तेही उतरवून सुताराला बोलवावे.